प्रकट मुलाखत : काय, कशी आणि कशासाठी?

सभा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर एक ठराविक चित्र उभे राहते. व्यासपीठावर पाहुण्यांची रांग, हारतुरे, प्रास्ताविक, परिचय, प्रमुख पाहुण्यांचे भाषण आणि शेवटी आभार. या चाकोरीत श्रोत्याला एकच काम उरते, ते म्हणजे ऐकून घेणे. भाषणाचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून मराठी समाज व्याख्यानांवर पोसला गेला आहे. परंतु वक्ता आपणास सांगावयाचे तेवढेच सांगतो. श्रोत्याच्या मनात उठलेली शंका श्रोत्याबरोबरच घरी परत जाते. ही उणीव भरून काढणारा प्रकार म्हणजे प्रकट मुलाखत. तिचे स्वरूप काय, ती कशी घ्यावी आणि आपल्या बीदर-कलबुर्गी भागाला तिची गरज का आहे, हे या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या वाचकांपुढे थोडक्यात मांडण्याचा हेतू आहे.

शब्द आणि अर्थ

'मुलाखत' हा शब्द मूळचा अरबी. आमच्या घरी दखनी बोलली जाते, तेथे 'मुलाकात' म्हणजे नुसती भेट. जुन्या मराठी बखरींतही तो भेट याच अर्थाने येतो. प्रश्नोत्तरांचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. 'प्रकट' म्हणजे सर्वांसमक्ष. तेव्हा प्रकट मुलाखत म्हणजे चारचौघांच्या साक्षीने घडलेली भेट, असे म्हणावयास हरकत नाही.

वर्तमानपत्रातील मुलाखतीत दोनच माणसे असतात आणि छापण्यापूर्वी शब्द मागेपुढे करता येतात. नोकरीच्या मुलाखतीत विचारणारा परीक्षक असतो. प्रकट मुलाखतीत मात्र तीन पक्ष असतात : उत्तर देणारा पाहुणा, विचारणारा मुलाखतकार आणि समोर बसलेला समाज. मुलाखतकार हा तेथे श्रोत्यांचा वकील म्हणून बसलेला असतो. ज्याने पाहुण्याचे एकही पुस्तक वाचलेले नाही त्याला गोडी लागावी आणि ज्याने सर्व पुस्तके वाचली आहेत त्यालाही काही नवे मिळावे, अशी दुहेरी जबाबदारी त्याच्यावर असते. शिवाय उत्तर तिथल्या तिथे द्यावयाचे असते. पाहुणा कोठे अडखळला, कोठे हसला, कोणत्या प्रश्नावर क्षणभर गप्प झाला, हे सारे श्रोत्यांना दिसते. छापील पानात हे सापडत नाही.

परंपरा जुनीच

हा प्रकार नवा वाटला तरी त्याची मुळे आपल्याच मातीत आहेत. बाराव्या शतकात आजच्या बीदर जिल्ह्यातील कल्याण नगरीत महात्मा बसवेश्वरांच्या अनुभवमंटपात शरण एकत्र बसून चर्चा करीत, असे परंपरा सांगते. अल्लमप्रभू तेथील अध्यक्ष. अक्कमहादेवी कल्याणला आली तेव्हा तिच्या वैराग्याची कसोटी पाहणारे अवघड प्रश्न अल्लमप्रभूंनी सर्व शरणांसमक्ष विचारले आणि तिने त्यांना निर्भयपणे उत्तरे दिली, हा प्रसंग 'शून्यसंपादने' या पंधराव्या शतकातील कन्नड ग्रंथात आला आहे. तो सबंध ग्रंथच संवादांच्या रूपाने गुंफलेला आहे.

कलबुर्गीचे ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज १४२२ साली पैगंबरवासी झाले. त्यांच्या बैठकीत लोक शंका विचारीत व ते उत्तरे देत. ही संभाषणे त्यांचे पुत्र सय्यद मुहम्मद अकबर हुसैनी यांनी 'जवामिउल-कलिम' या फारसी ग्रंथात लिहून ठेवली. सूफींच्या अशा संभाषणसंग्रहांना 'मलफूजात' म्हणतात. युरोपातही महाकवी गटे यांच्याशी झालेली संभाषणे एकरमान यांनी १८३६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, ती आजही वाचली जातात. थोर माणसाला कोणीतरी चांगले विचारावे, दुसऱ्याने ते टिपून ठेवावे, म्हणजे ते ज्ञान पुढच्या पिढ्यांचे होते, हा या सर्वांतील समान धागा आहे.

मराठीतील आणि कन्नडमधील प्रथा

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाची परंपरा १८७८ पासूनची. अध्यक्षीय भाषण, परिसंवाद आणि कविसंमेलन यांच्या जोडीला आता संमेलनांत मान्यवरांच्या प्रकट मुलाखती होऊ लागल्या आहेत. गावोगावच्या व्याख्यानमालांनीही एखादा दिवस मुलाखतीसाठी राखून ठेवण्याची प्रथा पाडली आहे. पुण्याचे सुधीर गाडगीळ यांनी तर मुलाखत घेणे हाच आपला व्यवसाय केला आणि मुलाखतकार म्हणूनच महाराष्ट्रात नाव मिळविले. २०१८ च्या फेब्रुवारीत पुण्यात शरद पवार यांची प्रकट मुलाखत राज ठाकरे यांनी घेतली. दोन भिन्न पक्षांचे नेते, एक विचारणारा आणि एक सांगणारा, हे दृश्य पाहावयास मोठा जनसमुदाय लोटला होता. विचारणारा आपल्याच गोटातला असला पाहिजे असे नाही, हा त्यातील बोध.

कन्नड भाषिकांतही ही आवड आहे. बंगळुरात कन्नड व संस्कृती खात्याने 'मनेयंगळदल्ली मातुकते', म्हणजे 'घरच्या अंगणातील गप्पा', या नावाने साहित्यिक-कलावंतांशी संवादाचा कार्यक्रम चालविला. या नावातच मुलाखतीचे मर्म आहे. व्यासपीठ असूनही अंगण वाटले पाहिजे.

मुलाखत कशी घ्यावी?

मी शाळामास्तर. प्रश्न विचारणे हा आमचा रोजचा धंदा. परंतु वर्गातील प्रश्न आणि मुलाखतीतील प्रश्न यांत एक मूलभूत फरक आहे. वर्गात मास्तर ज्याचे उत्तर स्वतःस ठाऊक आहे तेच विचारतो. मुलाखतीत जे आपणास ठाऊक नाही, पण जाणून घेण्याची खरी इच्छा आहे, तेच विचारावयाचे असते. पाहुण्याचे जन्मगाव, पुस्तकांची संख्या, पुरस्कारांची यादी हे प्रश्न नव्हेत. ती माहिती परिचयातच दोन मिनिटांत सांगून मोकळे व्हावे.

एक उदाहरण घेऊ. आपल्या बीदरचे बिदरी कलावंत शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. जस्त व तांबे यांच्या मिश्रधातूचे ओतीव भांडे, त्यावर कोरलेली नक्षी, नक्षीत ठोकून बसविलेली चांदीची तार आणि किल्ल्यातील मातीने आणलेला गडद काळा रंग, अशी ही कला. अशा कलावंतास कोणी विचारले, "पुरस्कार मिळाल्यावर आपणास कसे वाटले?" तर "आनंद झाला" यापलीकडे उत्तर येणार नाही. पण "किल्ल्यातली सगळीच माती चालत नाही, मग चांगल्या मातीची पारख कशावरून करता?" असे विचारले की हातातली विद्या बोलू लागते. "नक्षी कोरताना हात चुकला तर काय करता?" या प्रश्नातून धीर, कारागिरी आणि उपजीविका या तिन्ही गोष्टी बाहेर येतील. प्रश्न जितका नेमका, तितके उत्तर मोकळे.

तयारीचे म्हणाल तर मुलाखतकाराने पाहुण्याचे लेखन वा काम निदान पंधरवडा आधी अभ्यासावे. पाहुण्यास एकदा भेटून विषयांची रूपरेषा सांगावी. नेमके प्रश्न मात्र सांगू नयेत, नाहीतर उत्तरे पाठ केल्यासारखी येतात. क्रम साधारणतः सोप्याकडून अवघडाकडे असावा : बालपण व घडण, पहिले काम, कामाची रीत, मतभेदाचे मुद्दे आणि अखेर आजचे चिंतन. वेळ दीड तासाहून अधिक नसावा आणि त्यातील शेवटची वीस-पंचवीस मिनिटे श्रोत्यांची. त्यांचे प्रश्न चिठ्ठ्यांवर घ्यावेत. त्यामुळे लाजाळू माणूसही विचारतो आणि प्रश्नाच्या नावाखाली भाषण करणाऱ्यास आपोआप आळा बसतो. दोघांच्या खुर्च्या किंचित तिरप्या मांडाव्यात, म्हणजे ते एकमेकांकडे पाहत असले तरी त्यांचे चेहरे श्रोत्यांना दिसतात. प्रत्येकास स्वतंत्र ध्वनिक्षेपक हवाच.

दोष तीन आहेत, ते टाळावेत. पहिला, स्तुती. मुलाखतकार भाट झाला की मुलाखत संपली. दुसरा, स्वतःचे प्रदर्शन. ज्याचा प्रश्न उत्तरापेक्षा लांब, त्याने खुर्ची सोडावी. तिसरा, केवळ खळबळीसाठी पाहुण्यास कोंडीत पकडणे. अवघड प्रश्न जरूर विचारावा, पण अदबीने; आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसण्याचे धैर्य ठेवावे. पुष्कळदा खरे उत्तर त्या शांततेनंतरच येते.

आपल्या भागाला तिची गरज

आता मुख्य मुद्दा. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यात होते. पुढे ते तिकडे गेले, आणि भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद येथील मराठी माणसे इकडे राहिली. त्याच उदगीरला २०२२ च्या एप्रिलमध्ये पंचाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, भारत सासणे अध्यक्ष होते. उदगीर आपल्याच रेल्वेमार्गावर, भालकी-कमलनगरच्या पुढे. पण असा योग वारंवार येत नाही. एरव्ही लेखक सोलापूर-लातूरपर्यंत येतात आणि तेथून परततात. आपल्या मराठी शाळेतील मुलांना लेखक भेटतो तो पाठ्यपुस्तकातील धड्याच्या शिरोभागी, दोन ओळींच्या परिचयात. त्यातून मुलांची अशी समजूत होते की लेखक म्हणजे दूरच्या गावचा आणि बहुधा होऊन गेलेला माणूस. ज्या भाषेत आपण शिकतो ती भाषा जिवंत माणसे आज लिहीत आहेत, हे ज्या मुलाला कधी दिसलेच नाही, त्याने त्या भाषेची शाळा सोडली तर दोष कोणाला द्यावा?

दुसरी गोष्ट भाषेची. आपल्या बाजारात एकाच दुकानात मराठी, कन्नड, दखनी आणि तेलुगू ऐकू येते. भाषण एकाच भाषेचे असते, मुलाखत मात्र दोन भाषांतही चालू शकते. मराठीत विचारावे, कन्नडमध्ये उत्तर यावे, मध्ये एखादा जाणता दुभाषी असावा. उमा कुलकर्णी यांनी भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या आणि त्यांचे पती विरूपाक्ष कुलकर्णी यांनी मराठी पुस्तके कन्नडमध्ये नेली. पुस्तकांनी जे केले ते व्यासपीठाने का करू नये? सीमेच्या वादात दोन्ही बाजूंची पुष्कळ भाषणे झाली. एकमेकांना शांतपणे प्रश्न विचारण्याचे प्रसंग फार थोडे आले.

तिसरी गोष्ट, नामवंत म्हणजे केवळ बाहेरचा असे नव्हे. बिदरीचा कारागीर, जुना तबलजी, कीर्तनकार, कव्वाल, ज्वारीचे जुने वाण सांभाळणारी शेतकरीण, आयुष्यभर तालुक्यात रुग्णसेवा केलेले डॉक्टर, यांच्यापाशी जे आहे ते कोणी विचारले नाही तर त्यांच्याबरोबर जाईल. आज साध्या मोबाइलवरही ध्वनिमुद्रण होते. पाहुण्याची संमती घेऊन ते जपावे, आणि एखाद्या विद्यार्थ्याने ते कागदावर उतरवावे. मलफूजात लिहिणाऱ्यांनी याहून वेगळे काय केले?

आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षांत वसतिगृह, शिष्यवृत्त्या, औषधोपचार यांची कामे केली. त्यांचा तपशील या स्मरणिकेत अन्यत्र आहेच. पुढील वर्षापासून वर्धापनदिनी एका भाषणाऐवजी एक प्रकट मुलाखत ठेवावी, अशी माझी विश्वस्त मंडळास नम्र सूचना आहे. तिला मंडप मोठा लागत नाही. दोन खुर्च्या, दोन ध्वनिक्षेपक आणि एक वाचलेला माणूस पुरतो. सत्कार पाच मिनिटांत आटोपावा. पहिल्या दोन रांगा, ज्या एरव्ही प्रतिष्ठितांसाठी राखून ठेवतात, त्या शाळकरी मुलांना द्याव्यात, आणि त्यांच्या हाती कोऱ्या चिठ्ठ्या द्याव्यात. उत्तरे देण्याचे शिक्षण आम्ही शिक्षक त्यांना रोज देतोच. मोठ्या माणसाला प्रश्न विचारण्याचे शिक्षण त्यांना त्या दिवशी मिळेल.