ओळख चालेल, ओढ नको

गेल्या पावसाळ्यात माझ्या एका कथेवर चित्रपट करायचा म्हणून मला मुंबईला बोलावलं होतं. कथा साधी आहे. तालुक्याच्या गावातली निवृत्त ग्रंथपाल, वय 58, नवरा जाऊन सात वर्षं झालेली. माळ्यावर पडून राहिलेली त्याची पेटी ती दुरुस्तीला काढते. पेटी दुरुस्त करणारा माणूस ओसरीवर बसून भाता उघडतो, एकेक सूर तपासतो, आणि ही चहाचा कप हातात धरून त्याच्या मनगटांकडे बघत राहते. तिला तो हवासा वाटतो, आणि हे ती स्वतःशी कबूल करते. एवढीच कथा.

टेबलाभोवती पाच जण होते, सगळी चांगली, वाचणारी मुलं. त्यांत दोन मुली, तिशीच्या आतल्या. त्यांनी कथेचं मनापासून कौतुक केलं आणि मग एक बदल सुचवला. पेटीवाला राहू दे, पण नुसता स्नेही म्हणून. बाईनं पेटी शिकावी, गावातल्या बायकांचं भजनी मंडळ उभं करावं, तालुक्यात पहिला नंबर आणावा. "ताई, तिला स्वतःची ओळख सापडली पाहिजे," त्यातली एक मुलगी म्हणाली. मी विचारलं, मग त्या मनगटांचं काय? ती अवघडून म्हणाली, "आपला प्रेक्षक म्हणजे आया आहेत हो. आईला बरोबर घेऊन हे बघायला कुणी येणार नाही."

मी साताऱ्याच्या एसटीत बसले तेव्हा पाऊस लागला होता. खिडकीची काच नीट बसत नव्हती, निम्मी साडी भिजली, पण डोक्यात तेच घोळत होतं. ओळख चालेल, ओढ नको. या दोन गोष्टींची वाटणी झाली कधी? अभिनेत्री स्मिता पाटील 13 डिसेंबर 1986 ला गेली, त्याला आता 40 वर्षं होत आली. मी ज्या दशकात शहाणी झाले ते 1977 ला तिच्याबरोबर सुरू झालं आणि तिच्याबरोबरच संपलं असं मी मानते. त्या दशकातल्या पडद्यावरच्या आणि पुस्तकांतल्या बायकांना आपण कोण आहोत हे कळायचं, ते आपल्याला काय हवंय यातूनच. त्यांची ओळख त्यांच्या ओढीतूनच घडत होती.

त्याआधीचं सगळं खोदत बसत नाही. 1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा मालतीबाई बेडेकरांना विभावरी शिरूरकर या नावामागे दडावं लागलं होतं, कारण अविवाहित शिकलेल्या मुलींना शरीर असतं एवढंच त्यांनी लिहिलं होतं आणि तेवढ्यावरून गदारोळ माजला होता. 1937 च्या 'कुंकू'त शांता आपटेंच्या नीरानं म्हाताऱ्या नवऱ्याला ठाम 'नाही' म्हटलं. तो नकार मला आजही थोर वाटतो, पण तिला हवं काय होतं, हे विचारायच्या आत चित्रपट संपतो. नंतरची वीस-पंचवीस वर्षं मला कंटाळवाणी वाटतात. एकीकडे कादंबऱ्यांतल्या ध्येयवादी नायिका, दुसरीकडे बोर्डावरच्या नाचणाऱ्या बायका. इच्छा असेल तर ती तमासगिरिणीला, घरच्या बाईनं पदर सावरायचा. मग नाटकात तेंडुलकर आले. 1967 ची बेणारे, 1972 ची चंपा. या बायकांना भूक आहे, जीभ आहे, राग आहे. पण बेणारेचं पोट पाडायचा निकाल पुरुष देतात आणि चंपाचा गळा सखाराम आवळतो. समाज किती क्रूर आहे हे दाखवण्यासाठी त्या बायका पणाला लागल्या, हे माझं जुनं गाऱ्हाणं आहे आणि आजही मागे घ्यावंसं वाटत नाही.

1977 साली दोन चित्रपट आले. 'भूमिका' हिंदी, पण मुळात आपला. हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर बेतलेला. ते आत्मकथन अरुण साधूंनी शब्दांत उतरवलं होतं. मी ते घरातल्या कपाटाच्या मागच्या रांगेतून काढून वाचलं, तेव्हा मी अकरावीत होते. दारू, पुरुष, फसवणूक, काम, पुन्हा पुरुष. त्यात हंसाबाई कुणाची माफी मागत नाहीत, आणि वाचणाऱ्यानं कळवळावं म्हणून गळाही काढत नाहीत. स्मितानं तो सूर जसाच्या तसा उचलला. तिची उषा एका घरातून दुसऱ्या घरात जाते, प्रत्येक वेळी तिला वाटतं इथं आपण सापडू. शेवटी हॉटेलच्या खोलीत ती एकटी उरते, पण पडद्यावर कुणी तिला शिक्षा सुनावत नाही.

दुसरा 'जैत रे जैत'. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा, जब्बार पटेलांचा. नवरा पसंत नाही म्हणून सोडून आलेली चिंधी ठाकरवाडीत नाग्या भगतावर जीव टाकते आणि तो लाजतो. बाई पुढे आणि बुवा मागे, हे मी पडद्यावर तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. महानोरांच्या गाण्यांमुळे लोक आजही त्या चित्रपटाला निसर्गाचा चित्रपट म्हणतात. माझ्या लेखी तो चिंधीच्या नजरेचा आहे. स्मिता ज्या नजरेनं मोहन आगाशेंकडे बघते ती नजर मराठी चित्रपटानं तोवर फक्त नायकाच्या हवाली केली होती. चिंधीला आपल्यापासून लांब ठेवणं सोपं होतं, ती ठाकर म्हणून, रानातली म्हणून. शहरातले, पांढरपेशे प्रेक्षक म्हणूनच तिला टाळ्या देऊ शकले, हेही मला नंतर कळलं.

म्हणून 1982 चा 'उंबरठा' जास्त बोचला. शांता निसळांच्या 'बेघर' कादंबरीवर तेंडुलकरांनी लिहिलेला. सुलभा महाजन ही आपल्यातली, वकिलाची बायको, सुखवस्तू घर, लहान मुलगी. तिला नोकरी करायची गरज नाही आणि तरी ती दूरच्या महिलाश्रमाची अधीक्षक होऊन जाते. तिच्यावर अन्याय झाला म्हणून ती गेली असती तर लोकांनी तिला माफ केलं असतं. ती गेली, कारण तिला जावंसं वाटलं. आमच्याकडे त्यावरून जेवणाच्या ताटांवर भांडणं झाली. माझे काका ताटावरून उठून गेले. त्या आश्रमातल्या दोन बायकांच्या नात्यापाशी मात्र चित्रपट अडखळतो. त्याला त्या दोघींकडे मोकळ्या डोळ्यांनी बघता येत नाही. त्याच्या वर्षभर आधी, 1981 मध्ये, तेंडुलकरांनीच 'मित्राची गोष्ट' रंगभूमीवर आणली होती. बाईवर प्रेम करणारी बाई, रोहिणी हट्टंगडींनी उभी केलेली. पण तिथंही तिची गोष्ट सांगतो एक पुरुष, आणि मित्रा जगत नाही. चिंधी काय, मित्रा काय, माझ्या लाडक्या दशकानं आपल्या धीट बायका फार मारल्या. हे मी डोळ्यांआड करत नाही.

पडद्यावर ज्या मरत होत्या त्या पुस्तकांत जगल्या, आणि त्याचं श्रेय गौरी देशपांडेंना. 1980 साली 'एकेक पान गळावया' आलं, 1985 ला 'तेरुओ आणि काही दूरपर्यंत'. इरावती कर्व्यांची ही मुलगी, 'समाजस्वास्थ्य' चालवणाऱ्या र. धों. कर्व्यांची पुतणी. तिच्या बायका लग्नात असतात, लग्नाबाहेर प्रेम करतात, म्हाताऱ्या होतात, आणि यातल्या कशाचीही त्यांना लाज वाटत नाही. मला आठवतं, रात्री वसतिगृहाच्या जिन्यात बसून मी 'तेरुओ' वाचलं, कारण खोलीतला दिवा दहाला बंद करावा लागे. वाचून संपल्यावर मला काही थोर विचार सुचला नाही. मला एवढंच वाटलं की माझ्या अंगात जे चाललंय त्याला मराठीत वाक्यं आहेत.

आमच्या महाविद्यालयात त्या वर्षी एक चर्चासत्र झालं. एका प्राध्यापकांनी गौरीबाईंच्या नायिकांना दहा मिनिटांत निकालात काढलं. उच्चभ्रू, परदेशात फिरणाऱ्या, पोटाची चिंता नसलेल्या, या बाया आपल्या नाहीत, असं ते म्हणाले. मी उठून उभी राहिले आणि काही न बोलता बसले. ते उत्तर माझ्याकडे चाळीस वर्षं पडून आहे. गौरीबाईंच्या नायिकांचं पोट भरलेलं होतं, हे खरं. पण पोट रिकामं असलेल्या बाईच्या इच्छेबद्दल तरी त्या प्राध्यापकांनी कधी एक ओळ लिहिली होती का? त्यांना गरिबीचं काही पडलेलं नव्हतं. त्यांना इच्छा नको होती, आणि गरिबी हाताशी होती म्हणून त्यांनी ती पुढे केली.

पोट रिकामं असलेल्या बायका त्याच दशकात स्वतः लिहीत होत्या. बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं' 1982 मध्ये 'स्त्री' मासिकातून क्रमशः आलं, 1986 ला पुस्तक झालं. फलटणला छोटं दुकान चालवत, वह्या घरच्यांपासून लपवत त्यांनी ते लिहिलं होतं. त्यात इच्छा भाकरीची आहे, बाळंतिणीच्या घोटभर पेजेची आहे. नवऱ्याविषयी त्या पुस्तकात जवळजवळ बोलतच नाहीत, आणि ते न बोलणंही कानात राहतं. गौरीबाई पुढं ज्या विंचुर्णीत राहायला गेल्या ते गाव त्याच फलटण तालुक्यातलं. एकाच तालुक्याच्या या दोन बायका मी मनात नेहमी शेजारी बसवते. दोघींपैकी एकीला 'आपली नाही' म्हणून उठवायला मी तयार नाही. पुढं 2003 मध्ये 'आयदान'मध्ये ऊर्मिला पवारांनी आपल्या लग्नातल्या शरीराबद्दल ज्या सरळपणे लिहिलं, त्याला आधी या दोघींनी जागा करून ठेवली होती.

त्याच दशकात आणखीही बरंच चाललं होतं. मल्लिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे आत्मकथन 1984 चं. 'बायजा' हे नियतकालिक 1977 चं. ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' हे नाटक 1983 पासून गावोगाव होत होतं. आम्ही ते साताऱ्यात उघड्या मैदानावर, सतरंजीवर बसून पाहिलं.

मग 1986 आलं, स्मिता गेली. ती फक्त 31 वर्षांची होती.

1991 साली दोन गोष्टी घडल्या आणि त्यांतून पुढचं सगळं ठरलं, असं मला वाटतं. प्रशांत दळवींचं 'चारचौघी' रंगभूमीवर आलं. विवाहित पुरुषाबरोबर संसार केलेली आई, आणि तिच्या तीन मुली. त्यातली धाकटी सरळ म्हणते की तिला दोघं आवडतात. त्याच वर्षी 'माहेरची साडी' लागला. बायका ट्रॅक्टरमधून, ट्रकमधून तो बघायला आल्या, भिजलेले पदर घेऊन बाहेर पडल्या. त्या रडण्याला मी कमी लेखत नाही; आमच्या शेजारच्या वहिनी तीनदा गेल्या होत्या आणि त्यांना रडायला दुसरी जागा नव्हती. पण धंद्यानं त्यातून धडा घेतला. सोसणारी बाई गल्ला भरते, मागणारी बाई भरत नाही. पुढची कितीतरी वर्षं पडद्यावर फक्त सोसणारी उरली. अधूनमधून कुणी वेगळं केलं. 'अस्तित्व' आला. 'गंध'मधल्या एका गोष्टीत मुलगी एका वासामागे जाते, आणि बाईच्या ओढीला इतकी साधी, खरी वाट मराठीत क्वचित मिळाली असेल. पुस्तकांत मेघना पेठे होत्या, कविता महाजन होत्या. 'नातिचरामि' आणि 'ब्र' एकाच वर्षीची, 2005 ची. कविता 2018 ला गेली, फार लवकर गेली. पण ही बेटं होती.

आणि आता बायकांचे चित्रपट पुन्हा चालतात. 2021 ला 'झिम्मा', 2023 ला 'बाईपण भारी देवा'. दुसरा मी भरलेल्या थिएटरात पाहिला, नऊवारी नेसून आलेल्या बायकांच्या मध्ये बसून. त्यांचा आनंद खरा होता, माझाही होता. सहा बहिणींत रोहिणी हट्टंगडी होत्या आणि वंदना गुप्ते होत्या. एक 1981 ची मित्रा, दुसरी पहिल्या 'चारचौघी'तली थोरली. या दोघींना एकत्र मंगळागौरीच्या फुगड्यांत पाहताना मला भरून आलं, आणि थोड्या वेळानं त्या भरून येण्यात राग मिसळला. या बायका काय काय करून बसल्या आहेत, आणि त्यांना आता मिळतंय काय! स्पर्धा, बक्षीस, एकमेकींची मिठी, घरच्यांनी अखेर केलेलं कौतुक. सहलीला जा, नाच, व्यवसाय काढ, स्वतःवर प्रेम कर. दुसऱ्या कुणावर करू नकोस. पूर्वी बाईनं मागितलं तर तिला मारत होते. आता तिला इतकं काही देतात की तिनं मागायची वेळच येऊ नये.

त्या मुंबईच्या बैठकीतल्या मुलीवर माझा राग नाही. तिच्या लहानपणी टीव्हीवर जे होतं त्यावर ती वाढली. मला तिला एक गोष्ट सांगायची होती आणि टेबलापाशी ती सुचली नाही, एसटीत सुचली.

1982 साली 'उंबरठा' मला माझ्या आईनं नेऊन दाखवला. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, 44 वर्षांची. वडिलांना आम्ही नातेवाइकांकडे जातो असं सांगितलं होतं. चित्रपट सुटल्यावर आम्ही चालत निघालो. पोवई नाक्यापर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "पोरीला ठेवून गेली ते मला नाही आवडलं." थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, "पण थांबली असती तर तेही नसतं आवडलं." मी विचारलं, "आई, तुला कधी असं कुठं जावंसं वाटलं?" ती हसली नाही, रागावलीही नाही. चालता चालता तिनं हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाली, "एकदा. तुझ्या जन्माच्या आधी." कुठं, कुणाकडे, ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. रविवारी ती एकटीच तोच चित्रपट पुन्हा पाहून आली. तिकिटाचा तुकडा मला तिच्या पोथीत सापडला, ती गेल्यानंतर.

मानधनाचा आगाऊ चेक मी परत पाठवला आहे. कथा तशीच आहे, मनगटांसकट.