गाडीला लॅपटॉप लावला, पुढे?

तायांनो, सुकेळी खिंड चढताना गटाची जुनी पेट्रोल गाडी गचके खाते, इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजवाला स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला केबलने लॅपटॉप जोडतो. (कार्बोरेटरच्या गाडीत हे सॉकेटच नसतं, तिथे मेकॅनिकचा कानच हवा.) चावी ऑन केली की कोड दिसतो. समजा, पी०३०१ आला: पहिल्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. का, ते कोड सांगत नाही. प्लग, कॉईल, इंजेक्टर, काहीही असेल. लगेच नवी कॉईल घेऊ नका. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉईल असेल तर पहिली दुसरीच्या जागी लावायला सांगा. कोड वहीत लिहून घ्या, मगच पुसू द्या. फेरी मारल्यावर पी०३०२ आला, तर कॉईलच गेलीय. तेव्हा गटाचे पैसे काढा.