गाढ झोपेचे गणित

परीक्षा जवळ आली की आपल्या उळवी परिसरातील अनेक घरांत मध्यरात्रीपर्यंत दिवा जळत असतो. असे जागरण खरोखर लाभते का? याचे उत्तर गणिताने शोधता येते.

मेंदूतील पेशी एकमेकींना विजेच्या सूक्ष्म संकेतांनी निरोप देतात. जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतील विद्युत लहरी प्रथम नोंदविल्या. जागेपणी या लहरी लहान व जलद असतात. गाढ झोपेत त्या मोठ्या व संथ होतात, कारण असंख्य पेशी एकदम कामाला लागतात आणि एकदम गप्प होतात.

झुरिच येथील आलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली यावर एक सोपे प्रतिमान मांडले. जागेपणी झोपेची ओढ साठत जाते, झोपेत ती उतरते. संथ लहरींचा जोर हे त्या ओढीचे माप. शरीरातील दिवसरात्रीचे घड्याळ हा त्याचा दुसरा भाग.

१९८४ साली या प्रतिमानाला आकडे मिळाले. त्यांनुसार झोपेत दर तासाला उरलेल्या ओढीपैकी सुमारे २१ टक्के ओढ कमी होते. हे चक्रवाढ व्याजाचेच उलटे गणित! झोपताना ओढ १०० धरा. एका तासाने ७९, मग ६२, ४९, आणि चार तासांनी ३९ उरते. आठ तासांनी मात्र १५. म्हणजे चार तास झोपणारा विद्यार्थी ३९ ची थकबाकी घेऊन परीक्षेला बसतो. संध्याकाळी झोप काढली तर ओढ आधीच उतरते आणि रात्री लवकर डोळा लागत नाही, हेही यावरून कळते.

झोपेत मेंदू रिकामा बसतो असेही नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉक्टरेट मिळविलेले भौतिकशास्त्रज्ञ मयंक मेहता यांच्या अमेरिकेतील गटाने गाढ झोपेसारख्या गुंगीतील उंदरांचा अभ्यास केला. मेंदूचा बाहेरचा थर गप्प झाला, तरी स्मरणाशी संबंधित एका भागातील पेशी कधीकधी चालूच राहतात, असे त्यांना २०१२ साली आढळले. पुढे हे वर्तन त्यांनी समीकरणांतही बसविले.

प्रतिमान म्हणजे सरासरीचा हिशेब. प्रत्येकाचा आकडा थोडा वेगळा असणारच. तरीही १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी, असे तज्ज्ञ सांगतात. पालकांनी अभ्यासाच्या वेळापत्रकात झोपेचे तास आधी लिहावेत आणि उरलेल्या वेळात अभ्यास बसवावा.