स्त्रीबीजाची साद आणि रेतनाची वेळ

गाय माजावर आली, रेतन झाले आणि तीन आठवड्यांनी ती उलटली, ही तक्रार खेडोपाडी ऐकू येते. दोष कधी गाईला, कधी रेताला दिला जातो. पुष्कळदा मात्र वेळ चुकलेली असते. एक माज वाया गेला म्हणजे एकवीस दिवसांची वैरण वाया जाते. म्हणून गर्भ राहण्यापूर्वी गाईच्या शरीरात काय घडते, हे प्रत्येक गोपालकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

रेतन होताच शुक्रजंतू स्त्रीबीज फळविण्यास समर्थ नसतात. मादीच्या जननमार्गात काही तास राहिल्यावरच ते सामर्थ्य त्यांच्या अंगी येते. ही गोष्ट १९५१ साली ऑस्टिन व चँग या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे दाखवून दिली. लक्षावधींपैकी थोडेच शुक्रजंतू बीजवाहिनीपर्यंत पोहोचतात व तिच्या अस्तरास चिकटून वाट पाहतात.

स्त्रीबीजाभोवतालच्या पेशींतून प्रोजेस्टेरॉन हे द्रव्य पाझरते. त्यामुळे शुक्रजंतूच्या शेपटीवरील सूक्ष्म द्वारे उघडून कॅल्शियम आत शिरते, असे २०११ साली मानवी शुक्रजंतूंवरील प्रयोगांत आढळून आले. हा संकेत सर्व प्राण्यांत अगदी एकसारखा नसतो. तथापि कॅल्शियम वाढले की शेपटीचे फटकारे जोरदार होतात, हे वळूच्या शुक्रजंतूंतही दिसते. या जोरावर शुक्रजंतू अस्तरापासून सुटतो व स्त्रीबीजाचे जाड आवरण भेदतो. पुढे शुक्रजंतूवरील ‘इझुमो’ व स्त्रीबीजावरील ‘जुनो’ ही प्रथिने कुलूप-किल्लीप्रमाणे जुळतात. जुनोचे हे कार्य २०१४ साली उंदरांत उघडकीस आले. एक शुक्रजंतू आत गेला की आवरणात बदल होऊन इतरांना मज्जाव होतो.

आता वेळेचा हिशेब पाहू. गाईचा माज साधारणतः १२ ते १८ तास टिकतो. माज ओसरल्यावर १० ते १२ तासांनी स्त्रीबीज सुटते आणि ते थोडेच तास फळण्याजोगे राहते. गोठविलेल्या रेतातील शुक्रजंतूही फार तर दिवसभर तग धरतात. रेतन फार लवकर केल्यास साद येण्यापूर्वीच शुक्रजंतू थकतात. फार उशिरा केल्यास ते समर्थ होईपर्यंत स्त्रीबीज निकामी होते. यासाठी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. गाईवर सकाळी व सायंकाळी लक्ष ठेवावे. काचेसारखा स्वच्छ, चिकट बळस आणि दुसरे जनावर अंगावर उडाले असता स्थिर उभे राहणे, ही माजाची खरी खूण होय.

२. सकाळी माज दिसल्यास त्याच दिवशी सायंकाळी व सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करून घ्यावे.

३. उणे १९६ अंशांवर ठेवलेली रेतकांडी ३५ ते ३७ अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यात अर्धा मिनिट धरून लगेच वापरावी.

४. रेतनाची तारीख टिपून ठेवावी व अठराव्या दिवसापासून गाय पुन्हा माजावर येते काय, हे पाहावे.

ग्रामसेवकांनी ही माहिती गोठ्यागोठ्यांत पोहोचवावी. हे सारे पाळूनही गाय तीनदा उलटल्यास तिची पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी.