नकार, राजाश्रय आणि पंथाचे आयुष्य : रोहिणखेडच्या निमित्ताने महदवी चळवळीचा विचार

प्रस्तावना

‘ज्याची प्रतीक्षा होती तो उद्धारक मीच’ असा दावा करणाऱ्या व्यक्ती जगाच्या धार्मिक इतिहासात वारंवार आढळतात. बहुतेकांचा दावा नाकारला जातो. काहींचा मात्र नाकारला जाऊनही टिकून राहतो. असे का घडते, हा प्रश्न धर्मशास्त्राइतकाच इतिहासाचा व समाजशास्त्राचाही आहे. वऱ्हाडच्या भूमीत या प्रश्नाचा एक महत्त्वाचा अध्याय घडला आहे. बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेड येथे १५९१ मध्ये झालेली लढाई आपल्या पाठ्यपुस्तकांत निजामशाहीतील वारसाहक्काचा संघर्ष म्हणून एका ओळीत आटोपली जाते. त्या लढाईत एका उद्धारक-कल्पनेचेही भवितव्य पणाला लागले होते, ही बाब सहसा नोंदवली जात नाही. प्रस्तुत लेखात या दृष्टीने महदवी चळवळीचा विचार करावयाचा आहे. दाव्याच्या सत्यासत्यतेचा निर्णय करणे हा लेखाचा हेतू नाही. तो श्रद्धेचा विषय आहे.

महदीची संकल्पना व दावा

‘महदी’ या शब्दाचा अर्थ ‘ज्याला ईश्वरी मार्गदर्शन लाभले आहे असा’. अंतकाळापूर्वी महदी अवतीर्ण होईल व जगात न्याय प्रस्थापित करील, अशी धारणा इस्लामी परंपरेत प्राचीन काळापासून आहे. हिजरी सनाचे पहिले सहस्रक पूर्ण होत आले तसतशी ही प्रतीक्षा हिंदुस्थानात अधिक तीव्र झाली. अशा वातावरणात जौनपूर येथील सय्यद मुहम्मद (१४४३–१५०५) या विद्वान सत्पुरुषाचा उदय झाला. जौनपूर सोडल्यावर माळवा, खानदेश व दख्खन असा प्रवास करीत ते मक्केस गेले. तेथे १४९६ च्या सुमारास त्यांनी आपण महदी असल्याचे प्रथम घोषित केले. गुजरातेत परतल्यावर पाटणजवळील बडली येथे त्यांनी त्या घोषणेचा निःसंदिग्ध पुनरुच्चार केला. त्या वेळी गुजरातेत महमूद बेगडा याचे राज्य होते. उलेमांच्या विरोधामुळे सय्यद मुहम्मद यांना गुजरात सोडावे लागले. सिंध व कंदाहारमार्गे ते फराह येथे पोहोचले आणि तेथेच १५०५ मध्ये त्यांचे निधन झाले.

उलेमांचा आक्षेप मुख्यतः लक्षणांविषयी होता. महदीच्या आगमनाने जगात सर्वत्र न्याय नांदेल असे परंपरा सांगते. तसे तर काही घडले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अनुयायांचे उत्तर असे होते की, महदीचे कार्य राज्यस्थापनेचे नसून अंतःकरणशुद्धीचे आहे. हे उत्तर ध्यानात ठेवावयास हवे. कारण पुढे अहमदनगरात नेमका याच उत्तराचा कस लागला.

दायरा : पंथाचे खरे बळ

सय्यद मुहम्मद यांच्या पश्चात चळवळ टिकली ती ‘दायरा’ या संस्थेमुळे. दायरा म्हणजे अनुयायांची एकत्र वस्ती. संसारिक आसक्तीचा त्याग, अखंड नामस्मरण म्हणजे जिक्र, ईश्वरावर सर्वस्वी भार आणि मिळालेल्या वस्तूंचे सर्वांमध्ये समान वाटप हे तेथील नियम होते. समान वाटपास ‘सवियत’ अशी संज्ञा होती. सरदार असो वा सामान्य कारागीर, दायऱ्यात प्रवेश केल्यावर दोघांचा वाटा सारखाच.

राज्यकर्त्यांना ही व्यवस्था धोकादायक वाटणे स्वाभाविक होते. जेथे सैनिक आपली चाकरी सोडून फकिरी पत्करतो, तेथे प्रश्न केवळ धर्ममताचा राहत नाही. १५२४ मध्ये सय्यद मुहम्मद यांचे जामात सय्यद खुंदमीर गुजरातच्या सैन्याशी झालेल्या संघर्षात मारले गेले. पुढे सूर घराण्याच्या इस्लामशाहने बयाना येथील शेख अलाई यांस नर्मदाकाठच्या हंडिया येथे हद्दपार केले. परिणाम उलटाच झाला : तेथील अधिकारीच आपल्या सैनिकांसह त्यांच्या प्रभावाखाली आला. अखेर शेख अलाई यांना पुन्हा दरबारात आणण्यात आले आणि १५५० मध्ये चाबकाच्या शिक्षेत त्यांचा अंत झाला. स्वतः महदवी नसलेला बदायुनी हा इतिहासकार या प्रसंगाचे वर्णन सहानुभूतीने करतो, ही बाब उल्लेखनीय आहे. नकारामुळे चळवळ संपली नाही. उलट हद्दपारीमुळे ती नव्या प्रदेशांत पोहोचली.

राजाश्रय व रोहिणखेड

वऱ्हाडात हा पंथ सत्तेवर येण्यापूर्वीच रुजला होता. रोहिणखेड येथील मशीद खुदावंतखान महदवी याने १५८२ मध्ये बांधली. वऱ्हाड १५७४ मध्ये निजामशाहीत विलीन झाले होते. आज वर्धा जिल्ह्यात असलेले पवनार हे त्याच वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे म्हणून ‘ऐन-ए-अकबरी’त नोंदलेले आहे. म्हणजेच ज्या राज्यात हा प्रयोग घडला, त्याच्याशी आपल्या परिसराचाही संबंध होता.

१५८८–८९ मध्ये अहमदनगरात राजवधांची मालिका घडली. तीतून दख्खनी पक्षाचा नेता जमालखान पुढे आला. त्याने अल्पवयीन इस्माईलला गादीवर बसवले. परदेशी अर्थात आफाकी सरदारांची व त्यांच्या अनुयायांची मोठी कत्तल झाली. जमालखान स्वतः महदवी होता. त्याने शिया पंथाऐवजी महदवी मतास राज्याचा आश्रय दिला. हिंदुस्थानच्या अनेक भागांतून महदवी अनुयायी अहमदनगराकडे येऊ लागले. अर्थात या घटनांचा प्रमुख वृत्तांतकार फिरिश्ता हा शियापंथीय असून १५८९ मध्येच त्याने अहमदनगर सोडून विजापूर गाठले होते. त्याचे वर्णन वाचताना हे भान ठेवणे अगत्याचे आहे.

हा राजाश्रय जेमतेम दोन वर्षे टिकला. इस्माईलचा पिता बुऱ्हाण, जो अकबराच्या आश्रयास होता, गादीवर हक्क सांगत दक्षिणेत आला. खानदेशचा राजा अलीखान त्यास मिळाला. १५९१ मध्ये रोहिणखेड येथे जमालखान गोळी लागून ठार झाला. हिजरी सहस्रक पूर्ण होण्यास तेव्हा काही महिनेच उरले होते. दुसऱ्या बुऱ्हाण निजामशाहने शिया पंथाची पुनःस्थापना केली व महदवींविरुद्ध कठोर उपाय योजले. ज्या गावात एका महदवी सरदाराने मशीद उभारली, तेथेच नऊ वर्षांनी महदवी सत्तेचा अस्त झाला.

एक तौलनिक उदाहरण

या अनुभवाचे मर्म समजण्यास दूरचे एक उदाहरण उपयुक्त ठरेल. अमेरिकेत रॉबर्ट मॅथ्यूज नावाच्या सुताराने ‘मथायस’ हे नाव धारण करून स्वतःस ईश्वरी दूत म्हणवून घेतले. न्यूयॉर्क राज्यात १८३२ नंतर त्याने आपले ‘राज्य’ थाटले. ते दोन-तीन धनिक अनुयायांच्या संपत्तीवर चालत होते. त्यांपैकी एलायजा पिअर्सन याचा १८३४ मध्ये मृत्यू होताच ते कोसळले. मथायसवर खुनाचा खटला झाला. त्यात तो निर्दोष ठरला. नोव्हेंबर १८३५ मध्ये तो वेगळे नाव सांगून ओहायो राज्यातील कर्टलंड येथे मॉर्मन पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांच्याकडे आला. स्मिथ यांनी त्याचे आतिथ्य केले, त्याचे म्हणणे ऐकून घेतले आणि तिसऱ्या दिवशी त्याची शिकवण सैतानी असल्याचे सांगून त्यास निरोप दिला. स्वतः नव्या साक्षात्काराच्या आधारे १८३० मध्ये चर्च स्थापन करणाऱ्याने दुसऱ्याचा साक्षात्कार अमान्य करावा, यात वरवर विसंगती दिसते. परंतु नवा पंथ टिकवावयाचा तर साक्षात्काराचे दार सर्वांस खुले ठेवता येत नाही.

मथायसला नाकारले गेल्यावर त्याच्यामागे काही उरले नाही. कारण त्याच्यामागे दायऱ्यासारखी शिस्तबद्ध सामुदायिक जीवनरीती नव्हती. सय्यद मुहम्मद यांना त्याहून कितीतरी प्रबळ विरोध झाला. तरीही त्यांचा पंथ हैदराबाद, पालनपूर, कर्नाटक इत्यादी ठिकाणी आजही आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, उद्धारक-दाव्याचे आयुष्य त्यास मिळालेल्या मान्यतेवर अवलंबून नसते. त्याभोवती उभ्या राहिलेल्या जीवनरीतीवर ते अवलंबून असते. महदवी पंथास नकाराने संपवले नाही. अहमदनगरात त्याची हानी झाली ती राजाश्रयामुळे. ज्यांनी ‘महदीचे कार्य राज्यस्थापनेचे नाही’ असे उत्तर दिले होते, त्यांचेच मत एका गटाच्या सत्तेशी व कत्तलीशी जोडले गेले आणि त्या सत्तेच्या पराभवात सापडले. सत्तेपासून दूर राहून शतकानुशतके टिकलेला महानुभाव पंथ विदर्भातील वाचकांस परिचित आहे. त्यांना हा भेद सहज उमगेल.

निजामशाहीचा इतिहास शिकवताना दख्खनी व आफाकी या गटवादापलीकडे जाऊन त्यामागील धार्मिक आकांक्षांचाही विचार व्हावा. रोहिणखेडची मशीद त्यासाठी उपलब्ध असलेले, आपल्या जवळचे साधन आहे. इतिहासाच्या अभ्यास-सहलींत या स्थळाचा समावेश झाल्यास विद्यार्थ्यांस एका ओळीमागे दडलेले शतक पाहता येईल.