फडावरच्या मुलींचं आरोग्य
दसरा-दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्या रिकाम्या होऊ लागतात. ऊसतोडीसाठी मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पोराचं लग्न झालं की उचल वाढते. शिवाय आईबाप पाच-सहा महिने फडावर असताना वयात आलेली लेक गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा घोर असतोच. मग सोळाव्या-सतराव्या वर्षीच मुलींची लग्नं उरकली जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) राज्यातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 22 टक्के स्त्रियांचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालं होतं. बीड आणि परभणीत हे प्रमाण 40 टक्क्यांच्या वर होतं.

लग्नानंतर लगेच पाळणा हलावा, ही सासरची अपेक्षा. निरोध, गोळ्या, तांबी, तीन महिने पुरणारं अंतरा इंजेक्शन हे सगळं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. पण पहिलं मूल लांबवायचं हे ठरवण्याची मोकळीक त्या मुलीला नसते. तिच्या अंगात मुळात रक्त कमी, त्यात मोळ्या वाहण्याचं काम. कमी वयाच्या आयांना गरोदरपणातले झटके आणि बाळंतपणानंतरचा जंतुसंसर्ग यांचा धोका जास्त असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

फडावर ना संडास, ना आडोसा. पाळीतही सुट्टी नाही, कारण खाडा झाला की पैसे कापले जातात. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं अंगावर काढलं जातं आणि अखेर 'पिशवी काढून टाका' हा सल्ला पदरी पडतो. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जे आलं ते भयंकर होतं: बीडमधल्या 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13 हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं.

या मुलींना शरीराची माहिती वेळेवर कोण देणार? र. धों. कर्वे यांनी 1921 साली ज्या मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, त्याच मुंबईतून 2007 मध्ये शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवण्याचा निर्णय झाला. पिढीचं नुकसान करणारा तो निर्णय होता.

किशोरवयीनांसाठी ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत मैत्री क्लिनिक आहेत. पण तिथवर जायला मुली धजावत नाहीत, आणि त्यांची भीती खोटी नाही. अठराखालच्या मुलीशी आलेला लैंगिक संबंध 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार गुन्हा ठरतो, तो नवऱ्याचा असला तरी. आणि डॉक्टरला पोलिसांत कळवावं लागतं. कायदा मुलींच्या रक्षणासाठीच आहे, पण त्याच्या धाकाने कित्येक जणी दवाखान्याऐवजी मेडिकलमधून गोळ्या आणून गर्भ पाडायला बघतात. सप्टेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यातून वाट काढली: संमतीच्या संबंधातून दिवस गेलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली, तर गर्भपात करताना डॉक्टरने तिचं नाव पोलिसांना सांगण्याची गरज नाही.

हा निकाल गावोगावच्या आशाताईंना, शिक्षकांना आणि आईबापांना माहीत असायला हवा. ओळखीत अशी अडलेली मुलगी असेल, तर तिला एकटीला न धाडता सरकारी रुग्णालयात सोबत घेऊन जा.