ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना भेटा, आणि काही लपवू नका

दादीचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन सकाळी साडेआठला. रात्रीनंतर तोंडातून काही द्यायचं नाही, असं नर्सनं बजावलं होतं. तरी फजरच्या सुमारास दादी म्हणाली, घसा सुकलाय, आणि आमच्यापैकीच कुणीतरी थर्मासमधला अर्धा कप चहा दिला. भूलतज्ज्ञांनी विचारलं तेव्हा दादीनं सरळ सांगून टाकलं. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. घरातले चिडले. अर्ध्या कपानं असं काय होतं?

होतं ते असं. जागेपणी काही चुकून श्वासनलिकेत गेलं तर आपण खोकतो. पूर्ण भूल दिली की हा खोकला बंद पडतो. पोटातलं वर आलं तर ते थेट फुप्फुसात उतरतं. त्यात पोटातलं आम्लही असतं. त्यानं फुप्फुसाला इजा होते, न्यूमोनिया होतो, जीवही जाऊ शकतो. दुधाचा चहा म्हणजे पाणी नव्हे, दूध पोटात घट्ट होतं आणि ते अन्नातच धरतात. साधारण नियम असा: जेवण आणि दूध सहा तास आधी बंद, बिर्याणी किंवा तळलेलं खाल्लं असेल तर आठ तास, अंगावरचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास. तरी प्रत्येक पेशंटचं वेगळं असतं, शेवटचा शब्द डॉक्टरांचा.

रमजानमध्ये इथेच गल्लत होते. "रोजा आहे, म्हणजे पोट रिकामंच" असं आपण धरून चालतो. सेहरी पहाटे पाचला झाली आणि ऑपरेशन आठला असेल तर मध्ये तीनच तास गेलेत. दुपारनंतरचं ऑपरेशन असेल तर पोट रिकामं असतं खरं, पण अंगातलं पाणी कमी झालेलं असतं आणि भुलीनंतर ब्लडप्रेशर जास्त खाली येऊ शकतं. आजारपणात रोजा पुढे ढकलून नंतर कजा करण्याची सवलत आहेच. तातडीचं नसेल तर ऑपरेशनची तारीख ईदनंतरची मागून घ्यावी.

दादीचं ऑपरेशन सहा तासांनी का झालं नाही, एक पूर्ण दिवस का गेला? रत्नागिरीसारख्या शहरात छोट्या दवाखान्यांचा स्वतःचा भूलतज्ज्ञ बहुतेक वेळा नसतो. एकच डॉक्टर दोन-चार ठिकाणी जातात, ठरलेल्या वेळेला. मंडणगड-दापोलीकडे तर ही माणसं आणखी विरळ. तज्ज्ञांची ही टंचाई देशभर आहे, म्हणूनच तातडीच्या सिझेरियनसाठी एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांचं भुलीचं प्रशिक्षण देण्याची सरकारी योजना निघाली. या धावपळीत पेशंट आणि भूलतज्ज्ञ यांची पहिली भेट टेबलावरच होते, हे आम्हाला सगळ्यात धोक्याचं वाटतं. आधी ठरलेलं ऑपरेशन असेल तर सर्जनना सांगा, "भूल देणाऱ्या डॉक्टरांना एकदा आधी भेटायचंय." यात कुणाचा अपमान नाही. ही तपासणी रीतसर असते आणि भूल कोणती द्यायची ते तिथेच ठरतं.

कारण भूल एकच नसते. सिझेरियनला बहुतेक वेळा कमरेतून इंजेक्शन देतात. कमरेखालचा भाग बधिर होतो, आई जागी राहते, बाळाचं रडणं तिला ऐकू येतं, बाळापर्यंत औषध फारसं पोचत नाही. "ते इंजेक्शन घेतलं आणि जन्माची कंबर गेली" हे प्रत्येक खालाकडून ऐकायला मिळतं. सुई टोचलेली जागा काही दिवस दुखते, पण या इंजेक्शनमुळे कायमची कंबरदुखी होते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. बाळंतपणानंतर कंबर तशीही बऱ्याच जणींची दुखते. काही जणींचं डोकं मात्र खरंच दुखतं, बसलं की वाढतं, आडवं झालं की कमी होतं. त्याला इलाज आहे, तेव्हा सोसत बसू नका, डॉक्टरांना सांगा. लेडी डॉक्टर हवी असेल तर तेही आधी बोलावं, मिळेलच असं नाही. तसं पाहिलं तर हैदराबादच्या रूपाबाई फर्दुनजी १८८९ च्या सुमारास क्लोरोफॉर्म देत होत्या.

मुलांचं तंत्र वेगळं. खतनासाठी दवाखान्यात नेलेलं लहान मूल सुई बघूनच हातपाय झाडतं, म्हणून बऱ्याचदा मास्कमधून वास देऊन झोपवतात आणि मग पाठीच्या टोकाशी इंजेक्शन देतात, म्हणजे जागं झाल्यावर काही तास दुखत नाही. सर्दी, खोकला, ताप असेल तर तारीख पुढे ढकला. पाहुण्यांना दावत दिलीय म्हणून खोकणारं मूल टेबलावर ठेवू नका, अशा मुलाचा श्वास भुलीत अडकू शकतो. आणि लघवीचं छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूला असेल तर खतना करूच नका, आधी सर्जनना दाखवा. पुढच्या दुरुस्तीच्या ऑपरेशनला तीच कातडी लागते.

आता लपवण्याबद्दल. गुटखा, सुपारी, मिश्री. अब्बा मुलांसमोर नाही म्हणतात, अम्मी सुनेसमोर मिश्रीचं नाव काढत नाही. वर्षानुवर्षं सुपारी-गुटखा खाणाऱ्याचं तोंड हळूहळू कमी उघडायला लागतं. पूर्ण भुलीत श्वासासाठी घशातून नळी घालावी लागते. तोंड दोनच बोटं उघडत असेल तर भूलतज्ज्ञांना ते आधी कळलंच पाहिजे, म्हणजे ते वेगळी तयारी ठेवतात. घरच्यांना बाहेर थांबवून सांगा, पण सांगा. हलणारा दात आणि कवळीही दाखवा.

औषधांचं तसंच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर कमरेतलं इंजेक्शन धोक्याचं ठरू शकतं. काही गोळ्या पाच-सात दिवस आधी बंद कराव्या लागतात, पण मनानं बंद केल्या तर हृदयाला धोका. साखरेच्या काही नव्या गोळ्या, नावाच्या शेवटी "ग्लिफ्लोझिन" असतं त्या, तीन-चार दिवस आधी थांबवतात. दुबई-कुवेतहून आणलेल्या औषधांची पाकिटंच घेऊन जा, नाव आठवत बसू नका.

एक गोष्ट फारशी कुणी विचारत नाही. घराण्यात कुणी भुलीतून फार उशिरा जागं झालं होतं का, ऑपरेशननंतर तासन्‌तास मशीनवर ठेवावं लागलं होतं का? भुलीत वापरलं जाणारं एक औषध काही घराण्यांत शरीर नीट मोडू शकत नाही. हा दोष आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो, आणि आपल्याकडे नात्यात लग्नं होतात. चाचाचं असं झालं असेल तर ते सांगायलाच हवं.

मेंदीही. बोटाला लावलेलं ऑक्सिजनचं यंत्र उजेड नखातून आरपार पाठवून आकडा काढतं. गडद मेंदी, त्यात काळी, किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा चुकू शकतो. ईदच्या किंवा लग्नाच्या आसपास ऑपरेशन असेल तर दोन बोटं कोरी ठेवा. बांगड्या, चमकी, धातूचा ताबीज आदल्या रात्रीच काढा, ऑपरेशनच्या विजेच्या उपकरणानं तिथे भाजू शकतं.

दादीचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. कमरेतून इंजेक्शन द्यायला कुशीवर वळवावं लागतं आणि मोडलेल्या हाडानं ते सोसवत नाही, म्हणून आधी मांडीच्या वर एक इंजेक्शन देऊन तो भाग बधिर केला. पूर्ण भूल टाळली कारण वय आणि दमा. त्या रात्री दादी आम्हाला ओळखेना, मयत झालेल्या भावाला हाका मारत होती. आम्ही घाबरलो. म्हाताऱ्या माणसांत ऑपरेशननंतर असं होतं, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. चष्मा लावून दिला, ओळखीची माणसं आळीपाळीनं जवळ बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी दादीनं स्वतःहून चहा मागितला, आणि पहिल्यांदा नर्सला विचारून घेतलं.